हुंगायचं राहिलेलं तेल

जेवून खाटेवर पडलोय. बाहेर माझी मुलगी शालन गाडीत सामान भरतेय. चारला निघणार, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला, सासरी. दोन्ही पोरं बरोबर. गाडी माझीच, जुनी अँबॅसिडर. परवाच तिचे ब्रेक मी पाहिले, तेल कमी होतं, भरलं. डोळे जडावतात. डिकीचं झाकण आपटतं आणि मी खाटेवर नसतोच. गाडीखाली असतो, पाठीला फळी.

"दाबू का रे, धोंड्या?" वरून आवाज येतो.

इब्राहिममिस्त्री. माझे उस्ताद. जाऊन नऊ वर्षं झाली. उजवी चप्पल काढून बसलेत. चपलेतून पेडल कळत नाही, म्हणायचे.

"दाबा."

ते दाबतात, सोडतात. मी चाकाला हात लावतो. तव्यासारखं तापलंय.

"पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही," ते म्हणतात. "काय ओतलंस?"

"ब्रेक ऑईल. बाटलीवर लिहिलंय. वाचून ओतलं."

फळी आता शाळेचा बाक आहे. साठाव्या वर्षी शालननं मला अक्षरं शिकवली, तीच फळ्यापाशी उभी. टेबलावर ती बाटली. मी नाव मोठ्यानं वाचतो. मागच्या बाकावरून उस्ताद हसतात.

"साहेब झालास! अक्षर येत नव्हतं तेव्हा बोटावर घेऊन हुंगायचास. या वेळी हुंगलंस?"

"नाही."

"आणि रिकाम्या बाटल्यांत काय काय भरून ठेवतोस?"

गेल्या महिन्यात उरलेलं इंजिन ऑईल मीच कशात तरी ओतलं होतं.

उस्ताद पेल्यातल्या पाण्यात एक थेंब सोडतात. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं. हा थेंब तरंगतो.

"आतली रबरं फुगली. आधी ब्रेक धरेल, तापेल. मग उतारावर..."

बाक उताराला लागलाय. समोर घाटाचं वळण. शालन चालवतेय, पोरं मागे गातायत. जळका वास. ती पेडल दाबते, पेडल थेट तळाला जातं.

"उस्ताद, थांबवा!"

"मी कसा थांबवू? मेलोय ना मी! ऊठ, गाढवा!" ते माझा डावा कान धरून पिरगळतात.

जागा होतो. बाहेर इंजिन सुरू झालंय. अनवाणी धावतो आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहतो.

"अण्णा, काय हे? सरका, उशीर होतोय."

"किल्ली काढ. पोरांना उतरव."

बॉनेट उघडतो, ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट बुडवून हुंगतो. इंजिन ऑईल. झाकणाचं रबर भिजलेल्या पावासारखं फुगलंय.

"चुकीचं तेल भरलं मी," तिला सांगतो. "आज एसटीनं जा."

शालन एकदा पोरांकडे बघते, एकदा माझ्याकडे. मग जवळ येते.

"जेवायच्या आधीच आंघोळ केलीत ना? कानाला काय फासून घेतलंत?"

ओढणीनं पुसते. निघत नाही. मी गाडीच्या आरशात वाकून बघतो. डाव्या पाळीवर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलाय. त्यावर माझा अंगठा टेकवून बघतो.

ठसा माझ्यापेक्षा रुंद आहे.