हिरवा चुडा आणि मी पाठवलेला व्हिडिओ

टीव्हीवरच्या मालिकेत वऱ्हाडी बोलणारं माणूस आलं की मी आधीच सांगून टाकते, आता हा झाडू घेऊन येईल, नाही तर पिऊन पडेल. अजून एकदाही चुकले नाही. डॉक्टर पुण्याचा, वकील मुंबईचा, आणि 'मले', 'तुले' करणारा कोण, तर वॉचमन! एकदा रागाच्या भरात मी त्या वाहिनीला चार पानी पत्र लिहिलं. मी निवृत्त शिक्षिका आहे, चार पानांशिवाय माझा राग उतरत नाही. उत्तर काही आलं नाही. आमचे हे म्हणाले, "वाचलं असतं तर त्यातूनही त्यांनी एक विनोदी पात्र काढलं असतं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तर अशी मी. चिखलीत घर, आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलेली. कोणी ऐकीव गोष्टीवरून माणसाबद्दल मत बनवलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा प्रताप याच बाईचा आहे.

निवृत्तीनंतर लेकीनं मला चांगला मोबाइल घेऊन दिला आणि त्यात एक यादी करून दिली. एकदा पाठवलं की यादीतल्या सगळ्यांना एका दमात जातं. यादीचं नाव मी ठेवलं 'आपली माणसं'. जुने विद्यार्थी, नणंदा, जावा, दूधवाले भाऊ, शिलाईवाली, जो भेटला त्याला घातला. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी त्यांना एक फूल आणि एक सुविचार पाठवायची. शाळेत परिपाठाला सुविचार सांगायची सवय, ती काही सुटत नव्हती.

त्या यादीत चाचीही होती. चाची म्हणजे आमची बांगड्या भरणारी. मुसलमान मण्यारांचं घर, तीन पिढ्या बांगड्यांचा धंदा. माझ्या लग्नातला हिरवा चुडा तिनंच भरला, डोहाळजेवणाच्या बांगड्याही तिनंच. तिला माप लागत नाही. ती हात हातात घेते, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहते, बोटं एकत्र चिमटते, आणि बांगडी आत गेलेली कळतही नाही. आमच्याकडे रीत अशी की चुडा भरून झाला की नवरीनं वाकून बांगड्या भरणाऱ्या बाईच्या पाया पडायचं. मग ती डोक्यावर हात ठेवते. घरातली थोरली माणसंही त्या वेळी मध्ये बोलत नाहीत. माझी लेक पाळण्यात होती तेव्हाच चाचीनं सांगून ठेवलं होतं, "हिचा चुडा मी भरीन. दुसऱ्या कोनाले बोलावलं तर पाहा मंग."

लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. त्याची आईही लगेच माझ्या यादीत गेली. आणि तयारीच्या त्या धांदलीत एका सकाळी मला तो व्हिडिओ आला.

पाठवणारे आमचे जुने मुख्याध्यापक. कुठल्या तरी बाजारात गर्दी, दोन बायकांची ओढाताण, आरडाओरडा. भाषा कुठली तेही कळेना. वर लाल अक्षरांत मराठी मजकूर: बांगड्या भरायला येणाऱ्या 'त्यांच्या' बायकांपासून सावध राहा, हात धरून गप्पा मारतात आणि लेकीसुनांचे फोटो काढून पुढे पाठवतात, आपल्या माणसांना कळवा. मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मला लगेच दिसल्या. बाकी काही दिसलं नाही. चहा उतू जात होता. एका हातानं गॅस बंद केला, दुसऱ्या हातानं तो व्हिडिओ यादीवर पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र लावलं, आणि विसरून गेले. पूर्ण पाहिलासुद्धा नाही!

आठवड्यानं पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. फार गोड बोलतात. "विहीणबाई, बांगड्या भरायला कोण येणार आहे हो?" मी कौतुकानं चाचीचं सांगितलं. तर म्हणाल्या, "नाही, तो व्हिडिओ तुम्हीच पाठवला होतात, म्हणून विचारलं. आमच्या सगळ्या नातेवाइकांना मी पुढे पाठवला. शिक्षिकेनं पाठवलाय म्हटल्यावर खात्रीचाच असणार ना."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो, आमची चाची तशी नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. कारण लग्नाच्या बोलणीला आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हा याच विहीणबाई मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही बुलढाण्याकडच्या अजिबात वाटत नाही हं." त्यांना ती शाबासकी वाटली होती. मला घरी येईपर्यंत जेवण गोड लागलं नव्हतं. आता तीच शाबासकी मी चाचीला देत होते.

पण मी हट्टाला पेटले. चुडा चाचीच भरेल, नाही तर पोरगी रिकाम्या हातानं बोहल्यावर उभी राहील, असं स्पष्ट सांगून टाकलं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमची मर्जी." पुण्यात याचा अर्थ काय होतो ते मला आता कळतं.

फोन ठेवल्यावर आठवलं. यादी! यादीत चाचीही आहे. घाईघाईनं उघडून पाहिलं. माझ्या व्हिडिओखाली चाचीनं गुलाबाचं फूल पाठवलं होतं. चाचीला वाचता येत नाही. मी काहीही पाठवलं की ती खाली गुलाब लावते, एकादशीच्या शुभेच्छांनाही लावते. माझा जीव भांड्यात पडला. चाचीला वाचता येत नाही हे किती बरं, असं त्या दिवशी एका शिक्षिकेला वाटलं.

चूक कबूल करायला तिच्या घरी जाते आहे असं मनाशी म्हणत मी अक्षता घेऊन आमंत्रण द्यायला गेले, आणि फक्त आमंत्रण देऊन आले. तिच्या सुनेनं चहा दिला. ती सून बारावी शिकलेली आहे, हे मला ठाऊक होतं. चाची म्हणाली, "येईन ना बाई. कबूल केलं हाये." एवढंच. एरवी ती तासभर सोडत नाही.

घरी येऊन मी यादीवर दुरुस्ती पाठवली: तो व्हिडिओ खोटा आहे, मी न पाहता पाठवला, माफी असावी. व्हिडिओ पाठवला तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. दुरुस्तीवर मात्र तिघांचे फोन आले. "बाई, तुमचा मोबाइल हॅक झाला का?" मुख्याध्यापकांनी कळवलं, तुमचा स्वभाव भोळा आहे. चाचीकडून त्याखाली गुलाब आला नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी चाची आली. अंगण बायकांनी भरलेलं, पुण्याची मंडळीही आलेली. चाचीनं चटईवर पेटी उघडली, लेकीला समोर बसवलं आणि हात पुढं कर म्हणाली. तेवढ्यात तिला काही आठवलं. तिनं कमरेच्या पिशवीतून आपला मोबाइल काढला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिला.

"हा तुमच्यापाशी ठेवा बाई. भरून झालं की द्या. उगाच कोनी म्हनाले नको, चाचीनं फोटो काढला."

आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी तो मोबाइल धरून तशीच उभी राहिले. लेकीला काही माहीत नव्हतं, ती हसत होती. चाचीनं तिचं हाड दाबून पाहिलं, बोटं चिमटली, आणि एकेक हिरवी बांगडी सरकत गेली. लेक पाया पडली. चाचीनं डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला.

मग पुण्याच्या बायकांना उमाळा आला. "किती छान! आमच्याही भरा ना!" रांग लागली. आणि एकेकीचा मोबाइल बाहेर निघाला. चाचीचे हात, चाचीची पेटी, चाचीचा चेहरा, धडाधड फोटो, व्हिडिओ. कोणी विचारलं नाही. चाचीनं पदर तोंडावर ओढला तर एक जण म्हणाली, "असंच राहू द्या, मस्त दिसतंय!" विहीणबाईंनी तिथंच उभ्या उभ्या आपल्या मंडळींना पाठवलंही. खाली लिहिलं होतं, 'ही मात्र खूप चांगली आहे.' मला दाखवायला आणलं. मी वाचून मोबाइल परत दिला. माझा तो राग, ती चार पानं, सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे.

सगळ्या आत जेवायला गेल्या. चाची पेटी आवरत होती. मी जवळ बसले. म्हटलं, "चाची, चुकलं माझं. पाहिलं नाही न् पाठवलं."

"मालूम हाये," ती म्हणाली. "सुनेनं वाचून दाखवलं. मी म्हनलं, बाईचं नसंन. पन नावापाशी तुमचाच फोटो होता."

मला रडू आलं. तिनं ते पाहिलं, पण माझा हात काही धरला नाही. तिचा मोबाइल मी पुढं केला. तिनं घेतला.

"बाई, मले तुमच्या त्या यादीतून काढा."

"चाची, असं काऊन करता? मग पोरीची खबर तुम्हाला कशी कळणार?"

"घरी येऊन सांगा," ती म्हणाली. "पयले येत नव्हत्या का?"

मी माझा मोबाइल काढला. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं. पेटी डोक्यावर घेण्याआधी ती थांबून राहिली.

"काढलं का?"

"काढलं."

माझे दोन्ही हात हिनं माझ्या लग्नाच्या आधीपासून डोळे मिटून हातात घेतलेले.

"दाखवा," ती म्हणाली.