आम्ही जे लिव्हर मागत होतो

मागच्या शनिवारी सकाळी, इथे बंगळुरूत, मारतहळ्ळीच्या सिग्नलला, कॅबमध्ये बसल्या बसल्या, मी आमच्या फेलोशिपच्या ग्रुपवर मेसेज टाकला... 'प्रेझ द लॉर्ड! सुहासदादाला लिव्हर मिळालं.'

सुहासदादा आणि रूथवहिनी आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. ते नगरचे, मी पुण्याची. ओळख झाली ती इथल्या मराठी फेलोशिपमध्ये. दर रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून आमची उपासना होते, मी गिटार वाजवते.

दादाचं लिव्हर निकामी झालंय. दारूमुळे नाही, ऑटोइम्यून आहे... लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगतेय. डोळे पिवळे, पोटात पाणी आणि अंगाला इतकी खाज की झोपच नाही. घरातल्या कुणाचंही लिव्हर मॅच झालं नाही, म्हणून वेटिंग लिस्ट. ट्रान्सप्लांट झालं नाही तर फार वेळ नाहीये, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे कुणीतरी ब्रेन डेड होईपर्यंत थांबायचं. पण हे असं सरळ मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. आम्ही सगळे एवढंच मागायचो, 'प्रभू, लवकर डोनर मिळू दे'... आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा.

तर शनिवारी हॉस्पिटलमधून फोन आला. एक लिव्हर येतंय, लगेच निघा, पेशंटला काही खायला देऊ नका. वहिनींना एकटीला झेपणार नाही म्हणून मीही निघाले.

ड्रायव्हर 'स्वल्प जाम, स्वल्प जाम' म्हणत हॉर्न दाबत होता. माझा फोन हालेलूयांनी नुसता वाजत होता. मला राहवलं नाही, मी तिथेच मोठ्याने प्रार्थना सुरू केली... प्रभू, तू हे लिव्हर पाठवलंस म्हणून तुझे आभार...

"थांब जरा," दादा म्हणाला. डोळे मिटलेलेच. "त्या घरी आत्ता काय चाललं असेल गं?"

कुठलं घर, हे मला पटकन कळलंच नाही. मग कळलं, डोनरचं... आणि मी प्रार्थना तिथेच सोडली.

वहिनी पुढच्या सीटवर होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "आज नको हां, सुहास. आज मला फक्त आपलं बघू दे."

हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं, ईसीजी काढला, दादाला गाऊन घातला. मग नुसतं बसायचं. वहिनी एका मऊ कंगव्याने त्याची पाठ खाजवत होत्या, नखाने सोलवटते म्हणून.

दुपारी डॉक्टर आले. तोंड बघूनच कळलं. डोनरच्या ऑपरेशनमध्ये त्यांनी लिव्हर प्रत्यक्ष बघितलं होतं, त्यात फॅट खूप होतं, लावण्यासारखं नव्हतं. "सॉरी, ऐसा होता है कभी कभी. घर जाइए, फोन चालू रखिए."

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. खरं सांगू तर रडण्यापेक्षा रागच जास्त होता, देवावरचा. इतकं जवळ आणायचंच कशाला मग...

आत आले तर दादा शर्टाची बटणं लावत होता. "चला, इडली खाऊ," म्हणाला. "उपास घडला फुकटचा." मग एका बटणापाशी हात थांबला. "त्या लोकांनी कसं हो म्हटलं असेल... आणि लागलंच नाही. त्यांना कुणी सांगेल का हे?"

वहिनी बॅग भरत होत्या. त्यांनी चेन ओढून लावली. मग म्हणाल्या, "नको सांगू दे. वाटू दे त्यांना, कुणीतरी वाचलं म्हणून."

आणि त्या बेडवर शेजारी शेजारी बसून दोघांनी त्या घरासाठी प्रार्थना केली. मी बाजूला उभी होते. एरवी मला थांबवावं लागतं... त्या दिवशी मी फक्त शेवटचं आमेन म्हटलं.

ग्रुपवर खरं काय झालं ते टाकायची माझी हिंमत झाली नाही. त्यामुळे रविवारी एक मावशी चक्क शिरा करून घेऊन आल्या. आमच्याकडे ज्याची प्रार्थना ऐकली जाते तो उभा राहून साक्ष देतो. साक्षीची वेळ आली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सॉरी म्हणायला उठत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या वहिनींनी हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"लिव्हर नाही मिळालं," त्या म्हणाल्या. "मी उद्याही मागणार. लवकर दे म्हणूनच मागणार, मला दुसरं काही येत नाही. पण काल ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यासाठी आज सगळ्यांनी बसू या. एवढीच माझी साक्ष."

हालेलूया कुणीच म्हटलं नाही. सगळे गुडघ्यांवर आले आणि खूप वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. शिरा आम्ही नंतर खाल्ला.

या आठवड्यात दादाची तब्येत अजून खाली गेलीये. तो आता एका दमात जिना चढू शकत नाही. पुढचा फोन वेळेवर येईल का, मला खरंच माहीत नाही... आणि माहीत असल्यासारखं बोलणं मी बंद केलंय. पण हे दोघं माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, याबद्दल मी देवाचे रोज आभार मानते.

तुमच्यापैकी कुणी प्रार्थना करणार असाल तर सुहास हे नाव घ्या. आणि त्या दुसऱ्या घरासाठीही करा. त्यांचं नाव आम्हाला कधीच कळणार नाही, तसा नियमच आहे... प्रभूला माहीत आहे.