कलावतीची मडम

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. हातात पगार पडू लागलेली पोरं धडाधड लग्नं करत होती आणि वरातीला प्रत्येकाला पांढरी घोडी हवी होती. हे हेरून खुर्सीपारच्या जानराव टांगेवाल्यानं एक पांढरी शिंगरी आणली. कोंडा हुंगून ती नाक मुरडायची, म्हणून जानरावच्या लेकीनं, कलावतीनं, तिचं नाव ठेवलं मडम.

मडमेचा चारापाणी, खरारा सगळं कलावतीच करायची. बोलायची मात्र बापासारखी, आणि बाप टांग्याच्या घोड्याशी जे बोलायचा ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "चाल वं भैताडे, फुकटखाऊ!" म्हटलं की मडम कान टवकारून तिच्यामागं निघायची.

शिंगरीची घोडी झाली, तेव्हा पहिली वरात मिळाली ती भट्टीवर काम करणाऱ्या पुंडलिकची. अंगावर झूल चढवलेली मडम पाहून कलावतीला रडू फुटलं.

"बाबा, मी बी येतो."

"ये. पण तोंड उघडशीन तर खबरदार!"

अर्ध्या वाटेत मडम रुतल्यासारखी उभी राहिली. जानरावानं लगाम ओढला, नवरदेवाच्या मामानं गूळ दाखवला. बँडवाल्यानं कानाशी पिपाणी फुंकली, तेव्हा मडमेनं शेपटी वर करून त्याच्या नव्या बुटांवर काय ते उरकून घेतलं. मुहूर्त टळायला आला.

"बोल वं कलावती," जानराव कुजबुजला.

"काय बोलू?"

"रोजचंच!"

"तूच तर नाई म्हनलं होतं."

"आता हो म्हनून राहिलो ना!"

कलावतीनं पदर खोचावा तसा फ्रॉक खोचला आणि तोंड सोडलं. मडम डुलत निघाली. बाशिंगाआडून पुंडलिक कळवळला, "मी काय केलो वं?"

"तुले कोन बोललं? गुमान बस!"

मांडवात नवरीची मावशी शकुबाई दचकली. "हे पोरगी कोनाले शिव्या देऊन राहिली?"

"नवरदेवाले," बँडवाला बूट पुसत म्हणाला. नवरी इतकी हसली की अंतरपाट धरल्यावरही तिचं हसू थांबेना.

पुढं वराती ठरायच्या त्या घोडी आणि पोरगी मिळून. एका सोवळ्या घरानं कलावतीला शिव्यांऐवजी रामनाम घ्यायला लावलं. मडम जागची हलली नाही.

कलावतीचं लग्न चरोद्याच्या रेल्वेतल्या माणसाशी झालं. जानरावानं बारीक आवाज काढून शिव्या देऊन पाहिल्या. मडमेनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि चाराही सोडला. शेवटी त्यानं लगाम धरून चरोद्याची वाट धरली, तशी मडम आपणहून चालत निघाली. कलावती क्वार्टरमधून धावत आली आणि मडमेच्या मानेला मिठी मारून म्हणाली, "आली का वं भैताडे, फुकटखाऊ!" मडमेनं कान टवकारले.