वळण नसलेली मटकी

झाडाच्या मुळाला खाली कुठं ते कसं कळतं आणि अंतराळात त्याचं काय होईल, या एका प्रश्नावर मी पुढं सगळी नोकरी काढली. सुरुवात मात्र पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्यावर झाली.

आमच्याकडे रविवार गुरुवारी यायचा. त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद, म्हणून सुट्टीही तेव्हाच. माझी प्रयोगशाळाही एका कारखान्याच्याच आवारात, त्यामुळे मी माझं चाक घरी उचलून आणलं होतं. माझे वडील, अण्णा, कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांनीच ते भंगारातून जुळवून दिलेलं. चाकावर आडव्या नळ्या, नळ्यांत मोड आलेली मटकी. चाक संथ फिरत राहिलं तर मुळं सरळ वाढणार, थांबलं की खाली वळणार. याआधी प्रयोग नासला होता. आता नासला तर दुसरा विषय शोधा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

त्याच गुरुवारी तळेगावहून मला बघायला पाहुणे आले. "मान खाली, आवाजही खाली," आईनं दम भरला. मी पोहे घेऊन बाहेर गेले आणि घरचे दिवेही गेले. आत चाकाच्या मोटरीची घरघर थांबली. ट्रे सरळ नवऱ्या मुलाच्या हातात देऊन मी आत पळाले आणि हातानं चाक फिरवत बसले.

मागोमाग मुलाची आत्या आली. "हे काय गं चाललंय?"

"थांबलं तर मुळांना वळण लागेल."

"मग लागू दे की. वळण लागलेलं चांगलंच असतं."

"नको ना. सगळं वाया जाईल."

आत्याबाई बाहेर गेल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण वळण नाही."

पाहुणे गेले. आई डोळ्यांना पदर लावून बसली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुलगा देखणा होता. शिवाय ट्रे धरून निमूट उभा राहिला होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी सरांनी नळ्या उघडल्या. मी संध्याकाळी उड्या मारतच घरी आले. अण्णा नुकतेच शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होते.

"अण्णा, एकाही मुळाला वळण नाही."

त्यांनी सावकाश तोंड पुसलं. "मग तळेगावला पेढे धाडले पायजेत. आत्याबाईंनी कालच सांगितलं व्हतं."