चौकीचा गेम

हंबीरकाका माझे चुलते. बावीस वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आता कुपवाडला विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या एका कारखान्यात वॉचमन आहेत. गाव आमचं पाटणकडं, पण काका सांगलीत आमच्यातच राहतात. बोलणं कमी. घड्याळ पाच मिनिटं पुढं. आणि त्यांना एक कॉम्प्युटर गेम येतो. एकच.

मी तिसरीत होते तेव्हा ते सुट्टीवर आलेले आणि माझ्या थोरल्या भावानं, जयराजदादानं, तो गेम नवीन टाकलेला. मोठ्ठं बेट, डोंगर, जंगल, कुठं पण फिरा, मध्ये मध्ये शत्रूच्या चौक्या. कुणाला न दिसता आत शिरायचं आणि चौकी घ्यायची. गेमचं नाव इंग्रजी, काकांसाठी तो चौकीचा गेम. दादा धावत जायचा, गोळ्या घालायचा आणि मरायचा. काका अर्धा अर्धा तास झुडपात बसून पहारेकरी मोजायचे. "कोण कवा वळतंय त्ये बघ आधी." चौकी मिळाली की मात्र गेटवर जाऊन उभे. पुढं जाईनातच.

"आवं काका, चला की, अजून तीस चौक्या हायत," दादा म्हणाला.

"रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती रं."

आता गेममध्ये ड्यूटी बदलायला रिलीव्हर कुठनं आणायचा? सुट्टी संपली, काका गेले, आणि त्यांचा माणूस पहिल्याच चौकीच्या गेटवर राहिला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदा कारखान्यातनं तांब्याच्या तारेची बंडलं गेली. दोनदा. दोन्ही वेळा सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, काका एकटे ड्यूटीवर असताना. मालक म्हणाले, "हंबीरराव, अजून एकदा झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागंल." चोर असं कोण म्हणलं नाही. पण काकांना ते तसंच लागलं. आईला म्हणाले, "वैनी, बावीस वर्सांत माझ्या पोस्टवरनं सुतळीचा तोडा गेला न्हाई." आणि जेवण अर्धं टाकून उठले.

मला ते बघवेना. परवावर परीक्षा होती तरी मी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. आई ओरडली, मी ऐकलं नाही. धूळ पुसली, चालू केला, तर काकांचा माणूस अजून गेटवर उभा.

"बारा वर्सं ड्यूटी झाली की गड्याची," काका म्हणाले.

"मी आले न्हवं रिलीव्हर. सोडा आता."

काका लय दिवसांनी हसले आणि पुढं निघाले. तेव्हा खरं वाटणारं पाणी आता प्लास्टिकच्या कागदासारखं दिसत होतं. दुसऱ्या चौकीत पाच पहारेकरी. त्यातला एक शीळ घालत चौकीला फेऱ्या मारत होता. काका पिंपामागं बसले. शीळ जवळ आली की थांबायचे, लांब गेली की सरकायचे. पाच मिनिटांत चौकी घेतली आणि मी जोरात ओरडले, "काका, हा शिट्टीवाला तर सेम तुमच्यासारखा!"

तोंडातनं गेल्यावर कळलं मी काय बोलले.

काकांचा राउंड ठरलेला असतो. दर अर्ध्या तासाला, गेटपासनं डाव्या अंगानं, प्रत्येक कोपऱ्यावर एक शिट्टी आणि एकदा काठी आपटायची. दिवसा पण. माणूस जागा आहे हे चोराला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालकांना पण शिट्टी ऐकली की बरं वाटायचं.

"परत लाव," काका म्हणाले.

तीच चौकी त्यांनी चार वेळा घेतली. चौथ्या वेळी शिट्टीवाला मागनं फिरत होता तेव्हा डोळे मिटून बसले, नुसता कान दिला. मग माऊस ठेवला आणि उठले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रडले, पण ते जाऊ दे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शिट्टी खिळ्यालाच राहिली.

"भावजी, शिट्टी विसरली," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

बूट पण नाही. पायात रबरी चपला.

पुढचं त्यांनी संध्याकाळी येऊन, उभ्या उभ्याच सांगितलं. दुपारी दोनला ते उजव्या अंगानं, आवाज न करता मागं गेले. मागच्या भिंतीवर एकजण बसलेला, एक पाय आत, एक बाहेर, काखेत रिकामं पोतं, मान गेटकडं. काका बरोबर त्याच्या खाली जाऊन उभे राहिले तरी त्याला पत्ता नाही.

"काय पाव्हणं, शिट्टीची वाट बघताय व्हय?"

तो दचकून आतच पडला. पाय मुरगळला. काकांनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग मालकांना फोन केला. तो बसल्या बसल्या सांगत होता म्हणे, मागच्या कोपऱ्यावर शिट्टी वाजली की पुढचा अर्धा तास मोकळा असायचा. हे वाक्य काकांनी आम्हाला दोनदा सांगितलं. बाकी सगळं एकदाच.

नोकरी राहिली. मालक म्हणाले, "पण हंबीरराव, शिट्टी वाजवत चला, मला बरं वाटतं."

"मग तुमी वाजवा की सायेब," काका म्हणाले.

हे ऐकून आई हसत सुटली. काकांनी चहा घेतला आणि आपणहून कॉम्प्युटर लावला. तिसरी चौकी. परत तसलाच एक पहारेकरी, शीळ घालत, अगदी त्यांच्या झुडपाशेजारनं चालला.

"धरा काका, धरा!"

"जाऊ दे. ड्यूटीवर हाय त्यो."

तो चार पावलं गेला, थांबला, वळला. काका दिसले आणि त्यानं सरळ गोळी घातली. स्क्रीन लाल झाली.

"बराबर केलं गड्यानं," काका म्हणाले आणि परत पहिल्यापासनं लावला.