आमेनसाठी थांबणाऱ्या बाई

बाईंची नि माझी पहिली भेट नळावर झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. आम्ही शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत नुकतेच राहायला आलो होतो, आणि मी नवखी म्हणून माझी घागर रोज रांगेत मागे सरकवली जाई. एके सकाळी कडक इस्त्रीचं पांढरं पातळ नेसलेल्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी माझी घागर उचलून थेट नळाखाली ठेवली. मागून एक गृहस्थ कुरकुरले, तेव्हा त्यांच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पावणं, ही घागर मघापासनं हितंच हाय. मी बघतीया की." मग माझ्याकडे वळल्या. "रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसतीस ती तूच न्हवं? शुक्रवारी प्रार्थनेला घरी ये. येताना पाणी भरूनच ये."

या त्या आदरणीय एस्तेरबाई सातपुते. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या विद्वान लोकांनी त्यांच्याविषयी लिहिलेले आहेच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, महिला मंडळाच्या चहासाखरेचा जमाखर्च लिहिणारी बाई. मला लिहायला सांगितले तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. एवढे आधीच सांगते, की सत्कार झाल्यावर पुढच्याच आठवड्यात बाईंचे हृदयाचे ऑपरेशन आहे.

बाईंचे माहेर नेसरीकडचे, शेतकरी घरातले. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. प्राथमिक शाळेत शिकवून त्यांनी एकुलती एक मुलगी, सुनीता, वाढवली. रविवार शाळेत त्यांच्यापुढे बसलेली मुले आज स्वतःच्या मुलांना घेऊन येतात. वर्गात बाईंची भाषा पुस्तकासारखी शुद्ध. घरी चुलीपुढे बसल्या की नेसरी तोंडात येते. आणि देवाशी त्या नेसरीच्याच भाषेत बोलतात. ते ऐकून पहिल्या शुक्रवारी मला जरा धक्काच बसला होता.

देवाच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवावी, असे प्रत्येक उपदेशात आम्ही ऐकतो. ऐकताना सोपे वाटते. बाईंनी ते सोपे आहे असे कधीही म्हटले नाही, आणि मला वाटते हाच त्यांचा मोठेपणा. आमचे हे तेव्हा उद्यमनगरात लेथवर कामाला होते. काम आज आहे तर उद्या नाही. अशात वारणानगरला कायमच्या नोकरीची आशा निर्माण झाली, शिवाय कॉलनीत राहायला जागा. मी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले, बोट ठेवले, आणि घर सोडून निघण्याविषयीचेच वचन निघाले. मी धावत बाईंकडे गेले.

"बाई, देवानं सांगितलं, जा म्हणून."

बाई तांदूळ निवडत होत्या. "कितव्यांदा उघडलंस?"

मीही सुपातले खडे वेचू लागले.

"पहिल्यांदा काय निघालंतं?"

"वंशावळ."

"मग देवानं तुला नावं वाचाय सांगितलीती. वाचलीस का?"

ती नोकरी आम्हाला मिळाली नाही. घरी येऊन पुष्कळांनी सांगितले, की देवाने याहून चांगले काही राखून ठेवले असेल. बाई आल्या, माझ्यापुढची मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला बसल्या. "बाई, असं का झालं?" मी विचारले. "मला न्हाय ठाव," त्या म्हणाल्या. मेथी निवडून झाली, देठं गोळा करून त्यांनी बाहेर टाकली आणि त्या घरी गेल्या. मला त्या दिवशी दुसऱ्या कुणापेक्षा त्यांचाच आधार वाटला.

पण बाईंची खरी ओळख मला पटली ती सुनीताच्या वेळी. सुनीता नर्स झाली आणि तिला मस्कतला नोकरी मिळाली. बाईंची इच्छा होती की तिने इथेच एखाद्या दवाखान्यात काम करावे. त्या शुक्रवारी बाईंनी स्वतःच प्रार्थना केली. "बापा, पोरीला जायाचं हाय. तुझी इच्छा आसंल तर जाऊ दे. माझ्या इच्छेचं राहू दे." आम्ही सगळ्या आमेन म्हणणार, तोच बाईंनी हात वर केला.

"थांबा. कुणी आमेन म्हणू नका. हे तोंडानं म्हटलंय, पोटातनं आलेलं न्हाय. खोट्याला आमेन म्हणाय मी तुम्हाला बोलावलेलं न्हाय."

आम्ही तशाच डोळे मिटून बसलो. चहा निवत होता. साखर माझ्या हिशेबातली, त्यामुळे मला त्याचीही चुटपुट लागलेली. शेवटी रत्नमालावहिनी हळूच म्हणाल्या, "बाई, मनातल्या मनात म्हणू का?"

"मनातल्या मनात पण न्हाय. चहा घ्या नि घराकडं जावा."

आमेनशिवाय आम्ही घरी गेलो. चूल विझवायची राहिली असावी तसे वाटत राहिले. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. पाळकसाहेब समजावायला आले, तर बाई म्हणाल्या, "साहेब, क्रूसाच्या आदल्या राती प्रभूला बागेत तीनदा मागावं लागलं. माझं एका शुक्रवारात कसं हुईल?" त्यावर साहेबांनी चहा घेतला आणि दुसरा विषय काढला.

त्या दिवसांत बाई एका जागी बसत नसत. झाडलेले अंगण पुन्हा झाडत. सुनीताची बॅग भरत आणि काहीतरी विसरले म्हणून पुन्हा सगळी उपसत. एका शुक्रवारी त्यांच्याच घरी आम्ही जमलो, पण बाईंचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने आल्या त्या डोळे लाल, हाताला मिरचीचा वास. "डंकावर गेल्ते," त्या म्हणाल्या. "कांदा-लसणाची चटणी कुटून आणली. डबा बॅगत घातला नि कुलूप लावलं. बसा आता."

त्यांनी तीच प्रार्थना केली, शब्दही तेच. मग म्हणाल्या, "म्हणा." आम्ही आमेन म्हटले. सगळ्यांचा आवाज आला, बाईंचा तेवढा आला नाही. नुसते ओठ हलले.

सुनीता गेल्यानंतर मी धीर करून विचारले, "बाई, आता शांत वाटतं ना?"

"कुठलं गं. काल दिलेलं आज सकाळी उठून बघते तर परत माझ्याच हातात. मग परत द्यायाचं. भाकरी कशी रोज थापतो आपण, तसं."

नियम मोडू नये म्हणून झटणारी माणसे मी पाहिली आहेत. पण देवाशी खोटे बोलू नये म्हणून इतकी झटणारी व्यक्ती मी बाईंखेरीज दुसरी पाहिली नाही. आम्हा बायकांना त्यांनी दिलेली शिकवण तीच.

आता माझ्या अस्वस्थतेचे कारण. ऑपरेशन मिरजेला आहे. या वयात काहीही होऊ शकते, असे डॉक्टरांनी सुनीताला फोनवर स्पष्ट सांगितले आहे. ती रजा काढून येते आहे. आणि गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते, असे सत्कार समितीने मला कळवले आहे. मी तीनदा लिहिले नि खोडले. ओटा पुसलेला होता तो पुन्हा पुसला. शेवटी उठून बाईंकडेच गेले.

"बाई, शेवटी तुमच्यासाठी आयुष्य मागायचं असतं."

"मग माग की."

"आणि देवाच्या मनात तसं नसलं तर?"

"तुला काय पायजे?"

"मला तुम्ही पाहिजे."

"मग तसंच लिही. माझ्या नावानं छापायच्या पुस्तकात खोटं नको."

म्हणून तसेच लिहिते. हे प्रभू, आमच्या बाईंना पुष्कळ आयुष्य दे आणि ते धडधाकट दे. ऑपरेशननंतरच्या शुक्रवारी त्या आपल्या चटईवर बसलेल्या असू देत, आणि चहात साखर कमी पडली म्हणून मला बोलू देत. हे मी पोटातून मागते. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. हे वाक्य मी बाईंची शिष्या म्हणून लिहिले आहे. हात लिहून गेला, मन अजून मागेच आहे.

तेव्हा वाचणाऱ्या सर्व बंधुभगिनींना एकच विनंती. एवढ्यात कुणी आमेन म्हणू नये. माझे झाले की मी सांगेन.