मिश्रीचा रकाना

हे लिहायचं मी पंधरा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून टाळलं. निवृत्त झाल्यावर तब्येत पुढे केली. मग थोरली बहीण हयात होती, तिला कसं वाटेल म्हणून टाळलं. दोन वर्षांपूर्वी आक्का गेली आणि कारणं संपली.

गेल्या महिन्यात बेळगावातल्या आमच्या जुन्या संस्थेतून फोन आला. निवृत्त संशोधकांच्या शोधनिबंधांची यादी पुस्तिकेत छापायची आहे, तुमची तपासून द्या. वर एक कौतुक: "सर, एकसष्ट नोंदी! आमच्या पिढीला जमणार नाही." यादी आली. चष्मा पुसून बसलो आणि अडतिसाव्या ओळीवर अडकलो. तिच्याखाली एकोणचाळीस. संताप आला, तो यादी पाठवणाऱ्या त्या बापड्या बाईवर काढला. मग तो जिथे काढायचा तिथे काढायला हे लिहायला घेतलं.

अडतिसावा निबंध निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या बायकांवर आहे. माणसाचा डीएनए जन्मभर तोच राहतो, पण त्यावर रासायनिक खुणा बसतात, पुसल्या जातात. धूर, धूळ, उपासमार, सगळ्यांच्या खुणा उरतात. तंबाखूच्या तर ठरावीक जागी सापडतात. ज्या बायका तंबाखू खात नाहीत, ओढत नाहीत, पण दिवसभर तो चाळतात, त्यांच्या रक्तात नुसत्या धुळीने या खुणा होतात का, असा प्रश्न होता.

प्रश्न माझा नव्हता. माझ्या विद्यार्थिनीचा होता. तिची आई बावीस वर्षं वखारीत तंबाखू चाळत होती. घरातली पहिली एम.एस्सी. ही मुलगी. वडील त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहाराचं काम बघायचे. आईच्या मैत्रिणींनी तिच्यापुढे बिनतक्रार हात केले. "आमच्या पोरीला न्हाय तर कुणाला देयाचं रगात?" म्हणाल्या. जाताना एवढंच विचारलं, "काय निघालं ते सांगशील न्हवं?" ती म्हणाली, सांगीन. मी शेजारी उभा होतो. मीही मान हलवली.

तुलनेसाठी तंबाखूशी काही संबंध नसलेल्या बायका हव्या होत्या. त्या मी माझ्या गावात, येळ्ळूरला, गोळा केल्या. संस्थेचा प्रश्नांचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. तो मी स्वतः बसून मराठीत केला आणि त्याचा मला अभिमान वाटला. आमच्या गावात कागद मराठीत आला की माणसं दोन पावलं पुढे येतात. आक्काने आपल्या अंगणात बायका जमवल्या.

"या गं, माझ्या भावाला रगात पायजे."

"किती घेनार? म्हशीगत पिळनार काय?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या.

तंबाखू खाता का? न्हाय. ओढता का? "आगं बया, आमी काय बापय हाय व्हय?" पुन्हा हशा. मी रकान्यात 'नाही' लिहीत गेलो.

निकाल लागला तो असा, की दोन्ही गटांच्या खुणांत फारसा फरक नाही. मी निष्कर्ष लिहिला: वखारीतल्या धुळीने वेगळी खूण उमटत नाही. निबंधावर पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. तो स्वीकारला गेला. महिन्याभराने माझ्या बढतीची मुलाखत होती आणि मला नेमका एक निबंध कमी पडत होता.

त्याच दिवसांत काही नळ्यांतलं रक्त पुढच्या तपासणीला अपुरं पडलं. बायका शेतावर जायच्या आधी गाठाव्यात म्हणून माझी विद्यार्थिनी पहिल्या बसने येळ्ळूरला गेली. आक्काच्या परसात आक्का आणि शेजारच्या तिघी ओळीने बसलेल्या. प्रत्येकीचं बोट तोंडात, ओठ काळे. आक्काने डबी पुढे केली.

"लावतीस काय गं? दात घट्ट ऱ्हात्यात."

"आक्का, हे तंबाखूचंच न्हवं?"

"तंबाखू कुठला? मिश्री हाय ही. तंबाखू आमी न्हाय खात."

तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि ती पूड हिरड्यांना चोळायची, म्हणजे मिश्री. आमच्याकडे बायकांची सकाळ तिच्यावाचून होत नाही. ती कोणी व्यसनात धरत नाही, तंबाखूतही धरत नाही. त्या दिवशी ती मुलगी संध्याकाळपर्यंत घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आली.

"सर, तुलनेच्या बायका मिश्री लावत्यात. बहुतेक सगळ्या."

"फॉर्मवर 'नाही' आहे."

"फॉर्मवर मिश्रीचं विचारलंच न्हाय आपण. दोन्ही गटांत तंबाखू हाय सर. फरक दिसणार कसा? पेपर थांबवायला पायजे."

मी म्हणालो, आता उशीर झाला. म्हणालो, थोडी मिश्री, तिने काय होतंय. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमच्या घरी कोण लावत न्हवतं का सर?"

तिला दिलं नाही ते उत्तर इथे देतो. माझी आई लावायची. परसात चुलीवर तवा टाकायची, भाजलेला तंबाखू मी पाट्यावर वाटायचो, डोळ्यांतून पाणी यायचं, आई हसायची. फॉर्म मराठीत करणारा मीच होतो आणि मिश्री म्हणजे काय हे त्या संस्थेत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. फॉर्म लिहिताना मिश्री खरंच आठवली नाही. पण तिने विचारलं तेव्हा आठवली. तव्यासकट आठवली. आणि तरी मी म्हणालो:

"तुझ्या घरात तंबाखू आहे, म्हणून तुला जगभर तंबाखू दिसतो."

हे वाक्य मी कोणाला म्हणालो, तर वखारीतल्या बाईच्या मुलीला. मी, दोन एकर भाताच्या आणि एका आडनावाच्या जोरावर खुर्चीत बसलेला माणूस. ती रडली नाही. वही उचलली. म्हणाली, "मग माझं नाव काढा त्यातनं."

पाच मिनिटांत काढलं. इतक्या चपळाईने मी दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

निबंध छापून आला, बढती झाली, पेढे वाटले. वर्षभराने परदेशातल्या एका वाचकाने नियतकालिकाला पत्र लिहिलं: तंबाखूपासून दूर असलेल्या बायकांत तंबाखूच्या इतक्या खुणा कशा? अगदी सरळ प्रश्न होता. मी छापील उत्तर दिलं, की एका संशोधक विद्यार्थिनीच्या हातून काही नळ्यांवरची नावं बदलली गेली, त्या नळ्या वगळून हिशेब पुन्हा केला आहे, निष्कर्ष तोच राहतो. कुठली नळी बदलली नव्हती. कुठला हिशेब पुन्हा केला नव्हता. उत्तरात तिचं नाव नव्हतं, पण माझ्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी एकच होती. तिने दुसरा मार्गदर्शक शोधायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने तेच पान तिच्यापुढे ठेवलं. पीएच.डी. तिथे संपली.

आणि ते खोटं उत्तर, ती अर्ध्या पानाची बदनामी, माझ्या यादीत एकोणचाळिसावी नोंद आहे. तेही मोजलं गेलं. यादी कोणी वाचत नाही हो, आकडा वाचतात. त्या आकड्यावर मी पुढे दोन समित्यांवर बसलो आणि दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणावर व्याख्यानं दिली. कोणी उठून मला थांबवलं नाही याचाही आता राग येतो. थांबवणारी एकच होती, तिला मी घालवलं होतं.

ती गेल्यानंतर तिचा एकदाच फोन आला.

"सर, आई आणि बाकीच्यांनी वखारीत तोंडाला बांधायला कापड आणि वर पंखे मागितले. मालकानं तुमचा पेपर वाचून दाखवला. धुळीनं काय होत न्हाय म्हणून शास्त्रज्ञच लिहित्यात म्हणाला. आई म्हणती, तुझ्या सरांनी आमचंच रगात घेतलं आणि आम्हालाच खोटं पाडलं."

मी म्हणालो, "मीटिंगमध्ये आहे." खोलीत मी एकटा होतो.

आक्का मात्र दर दिवाळीला विचारायची, "ती निपाणीची पोरगी कुठं गेली रं? लई गुणाची." मी सांगायचो, लगीन झालं. आक्का खूश व्हायची.

गेल्या आठवड्यात मी नियतकालिकाला पत्र पाठवलं. अडतीस आणि एकोणचाळीस, दोन्ही मागे घ्या. चूक माझी, खोटं माझं. नळ्यांशी तिचा काही संबंध नव्हता आणि पहिल्यांदा चूक दाखवणारी तीच होती, असं लिहिलं. तिचं नाव लिहिलं. संस्थेलाही प्रत पाठवली. पुस्तिकेचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

मग निपाणीला गेलो. बसस्टँडमागच्या गल्लीत ती रक्त-लघवी तपासायचं छोटं केंद्र चालवते. खिशात चार ओळी लिहून नेल्या होत्या, या वयात ऐन वेळी शब्द सापडत नाहीत म्हणून. तिने लगेच ओळखलं. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे.

"या सर. बसा. उपाशी पोटी आलाय न्हवं?"

मी साखर तपासायला आलोय, असं तिला वाटलं. मी तसं वाटू दिलं. शर्टाची बाही वर केली. तिने फॉर्म ओढला.

"तंबाखू?"

"नाही."

"मिश्री?"

मी मान वाकवून बघितलं. छापील फॉर्म होता, तिने स्वतः करून घेतलेला. तंबाखूच्या खाली मिश्रीचा वेगळा रकाना. तिने मला टोचायला विचारलं नव्हतं, ती सगळ्यांनाच विचारते. माझ्या तोंडून "नाही" एवढंच आलं.

रक्त घेतलं. नळीवर नाव, वय, वेळ लिहिली आणि नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली.

"बघून घ्या सर, नाव बरोबर हाय काय."

"बरोबर आहे."

मग मीच विचारलं, "आई कशी आहे?"

"दम लागतो. आत झोपलीया." आणि दाराकडे बघून, "या मावशी, तुमचा नंबर."

मी उठलो. कापूस दंडावर दाबून धरला होता, दुसरा हात खिशातल्या कागदावर होता. बाहेर आलो, बसमध्ये बसलो, संकेश्वर गेलं तरी कापूस तसाच धरून होतो. पुन्हा जाईन असं इथे लिहीत नाही, मी मला ओळखतो. त्या कागदावर होतं ते असं: नळ्या तू बदलल्या नव्हत्यास. तू बरोबर होतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या घराबद्दल बोललो त्याबद्दल आईसमोर माफी मागायची आहे. मला आत येऊ देशील का?